गंधार सोडून

किलीबेग्जच्या धक्क्यापासून तिसऱ्या वळणावर पब आहे.
गुरुवारी तिथे मागच्या बाकावर
पाचसात जण वाजवतात, बाकीचे बोलत राहतात,
आणि कुणालाच त्यात अपमान वाटत नाही.

डर्व्हला दिवसभर मासळीची व्हॅन चालवते.
बोटांना बांगड्याचा वास, लिंबानेही न जाणारा.
गिटार ती शिकली लग्नाच्या बँडमध्ये:
सहा तारा, सगळं जिथल्या तिथे,
दर कॉर्डला एक चेहरा, हा हसरा, हा पडलेला.

मॅनस म्हातारा. फिडल छातीला टेकवून धरतो,
हनुवटीखाली नाही.
त्याच्याकडे एक संथ चाल आहे, बिननावाची,
आईकडून आलेली. ती हेरिंग चिरायला शेटलंडला जायची,
मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधून,
आणि सुरीच्या लयीत गुणगुणायची, शब्दांशिवाय.
तिचा गंधार शुद्ध नव्हता, कोमलही नव्हता,
दोन्हींच्या मधे कुठेतरी,
जसा धक्क्यावर उभा माणूस
पोचवायला आलाय की न्यायला
लांबून कळत नाही.

डर्व्हलाने त्या चालीखाली पहिल्यांदा कॉर्ड ठेवली
ती हसरी ठेवली. मॅनस थांबला.
गज हवेत. मग गजाच्याच टोकाने
तिच्या गुडघ्यावर एक टिचकी:
"पोरी, गोष्ट मी सांगतोय.
शेवट तू आधीच फोडू नकोस."
पुढच्या खेपेला तिने रडवी ठेवली.
तो पुन्हा थांबला. या वेळी बोललाही नाही,
ग्लास उचलला.

त्या रात्री व्हॅनमध्ये, हीटर बंद, काचेवर श्वासाचं धुकं,
तिने सगळ्यात जाड तार सैल केली, एक पूर्ण सूर.
मग बारीक दोन. तेवढ्याच.
आपल्या अक्षरांत मांडायचं तर आता असं:
सा प सा म प सा.
ग नाही.
कोण येणार ते न विचारता
एक खोली झाडून रिकामी ठेवावी, तशी.

ओळखीच्या सगळ्या जागा हरवल्या.
जिथे दोन बोटं पुरतात तिथे चार भांडत राहिली.
आणि सैल केलेली तार गुपचूप चढत जाते
जुन्या सवयीकडे,
पुन्हा उतरवावी लागते.
पुन्हा.
तीन गुरुवार ती नुसती ऐकायला गेली.

चौथ्याला वारा एवढा की दार आपोआप उघडत होतं.
मॅनसने चाल काढली. खाली सा, प,
मधे मध्यमाची मोकळी तार, जराशी खुपणारी,
आणि तिने काहीच ठरवलं नाही.
त्याचा गज त्या सुरावर गेला, थबकला,
किंचित वर सरकला, परत आला,
जागा आहे ना, बघून घेत.
चाल तीनदा वाजवायची पद्धत. त्याने पाचदा वाजवली.
शाबासकी नाही. फक्त खुर्ची थोडी सरकवली,
तिच्याजवळ, की वाऱ्यापासून दूर,
कोण सांगणार.

फेब्रुवारीत त्याचा खुबा मोडला. लेटरकेनीचं इस्पितळ.
गुरुवारी फिंटनने ती चाल अ‍ॅकॉर्डियनवर घेतली,
चांगली घेतली, पण बटणांना
मधलं काही माहीत नसतं.
गंधार शुद्ध लागला, लख्ख,
ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखा.
टाळ्या पडल्या. डर्व्हलाने साथ केली,
साथ म्हणजे साथ.

परतताना समुद्राकडचा रस्ता. खड्डा आला,
मागे बर्फाच्या पेट्यांशेजारी
गिटार आपणहून वाजली,
सहाच्या सहा, एक तार जरा चढलेली.
तिने रेडिओ बंद केला
आणि राहिलेला सूर गळ्यातून लावून पाहिला.
मॅनसच्या आईसारखा जमला नाही.
पुढच्या खड्ड्याला पुन्हा.